रिकामं बसलं की हात शिवशिवतात. नुसतं बसायचं कसं?

प्रश्न:
पंचेचाळिशी-पन्नाशीत दुपारचा एखादा तास मोकळा मिळतो. पण टेकलं की पाच मिनिटांत कपाट आवरायचं आठवतं, नाहीतर फोन हातात येतो. उठताना शीण तेवढाच, वर वेळ दवडल्याची टोचणी. ध्यानधारणा सुचवू नका, तेही एक कामच होऊन बसतं.

प्रतिसाद १:
तास फार झाला. २० मिनिटं घ्या आणि गजर लावा, फोनचा नाही, साध्या घड्याळाचा. शेवट ठरलेला नसला की 'आता उठावं का?' हा हिशेब सतत चालू राहतो आणि तोच दमवतो.

बसण्याआधी डोक्यातली अर्धवट कामं कागदावर उतरवा, पण नुसतं 'विमा' असं नको. 'विमा – गुरुवारी, जुनी पावती शोधणे' असं, म्हणजे पुढची एकच पायरी आणि वार. मोघम नोंद मनाला पटत नाही, ते पुन्हा पुन्हा आठवण काढत राहतं. खुर्ची अशी फिरवा की पसारा पाठीमागे जाईल. समोर घड्या न केलेले कपडे असतील तर २० मिनिटं त्यांच्याकडे बघण्यातच जातील.

सुरुवातीची चुळबूळ म्हणजे आपल्याला जमत नाही, असं समजू नका. २०१४ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. लोकांना १५ मिनिटं विचारांसोबत एकटं बसवलं, जवळ विजेचा सौम्य झटका देणारं बटण. हा झटका टाळायला पैसे मोजू, असं आधी म्हणालेल्यांपैकी १८ पुरुषांतल्या १२ आणि २४ बायकांतल्या ६ जणींनी तो स्वतःलाच देऊन पाहिला! तेव्हा कपाट आठवणं त्यामानाने सभ्यच.

प्रतिसाद २:
फोनबद्दल: उलटा ठेवून भागत नाही, दुसऱ्या खोलीत ठेवा. स्क्रोल करताना दर काही सेकंदांनी 'हे बघू की पुढे जाऊ' ठरवावं लागतं. ती विश्रांती नव्हे.

डोळा लागला तर लागू द्या, पण दुपारी तीनच्या आत आणि २०-२५ मिनिटंच. पाऊण तास झोपलं की गाढ झोपेतून उठावं लागतं, मग डोकं जड. उशिरा झोपलं तर रात्रीची झोप बिघडते.

प्रतिसाद ३:
वरचं सगळं ठीक, पण टोचणीचं मूळ वेगळं आहे. 'कामं उरकली की बसू' हा नियमच मोडीत काढा, कारण कामं उरकत नाहीत. वेळ आधी ठरवा, कामं तिच्या भोवती लावा. घरात 'जरा टेकते' म्हटलं की कुणी ते मनावर घेत नाही. 'अडीच ते तीन मला हाक मारायची नाही, दार वाजलं तर तू उघडायचं' असं नाव घेऊन सांगा. आणि त्या वेळेतलं एखादं काम पुढे ढकलू नका, दुसऱ्याला कायमचं देऊन टाका. ढकललेलं तुमच्याच नावावर राहतं. दिलेलं काम नीट झालं का, हे बघायला मात्र उठायचं नाही. गाडी इथेच घसरते.

प्रतिसाद ४:
एक पुरवणी. रात्री सात तास झोपूनही काही आठवडे थकवा हटत नसेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. मोठं घोरणं आणि दिवसा पेंग, हेही डॉक्टरांना सांगा. पाळी जायच्या सुमारास रात्री घाम येऊन झोप मोडते, त्यावर उपचार आहेत. दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, तर खुर्ची फिरवून भागणार नाही, डॉक्टरांकडे जा.