फक्त हाताचं काम करणारा थेरपिस्ट नाशकात कसा शोधायचा? मदत हवी आहे

पैठणीची_लेक

नमस्कार मंडळी,

बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, तोही अडचणीत. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझे वडील (अण्णा, वय ५४) येवल्याला पैठणी विणतात, घरचाच माग आहे. यंदा करीच्या दिवशी, १५ जानेवारीला, स्कूटरवरून येताना समोर मांजा आडवा आला. उजवा हात ॲक्सिलरेटरवर, म्हणून डावा वर केला. गळा वाचला, पण डाव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका तळव्याच्या बाजूने खोल चिरली. नायलॉन मांजावर बंदी आहे म्हणे. संक्रांतीचे तीन दिवस येवल्यात ते कोणाला सांगणार! मला आसारी (मांजाची फिरकी) धरायला याच अण्णांनी शिकवलं होतं. तेव्हा दोरा सुती असायचा, एवढंच म्हणते.

दुसऱ्या दिवशी नाशिकला प्लास्टिक सर्जनने ऑपरेशन केलं. कार्डावर लिहिलंय: दोन्ही बोटांचे एफडीपी आणि एफडीएस टेंडन (बोट वाकवणाऱ्या दोऱ्या), झोन २, शिवाय अनामिकेची एक डिजिटल नर्व्ह (बोटाची संवेदनेची नस). साडेतीन आठवडे हाताच्या मागून प्लास्टरची पट्टी होती. ती काढल्यावर कार्डावर एकच ओळ, 'फिजिओथेरपी करा'.

येवल्यातच घराजवळ एकांकडे नेलं. मशीनचा शेक, मेणाचा शेक आणि स्पंजचा चेंडू. "दाबा काका, जोरात दाबा." बारा दिवस हेच. नंतर तपासणीला गेलो तेव्हा चेंडूचं ऐकून सर्जन खुर्चीत ताठ झाले. "अहो, टेंडन तुटला असता." चेंडू बंद झाला. हँड थेरपिस्टला दाखवा म्हणाले, पण कोणाला ते विचारल्यावर मुंबईची दोन नावं दिली. येवला-मुंबई आठवड्यातून तीनदा कसं जमणार?

आज नववा आठवडा. दोन्ही बोटं मधल्या सांध्यात वाकडी राहिलीत, धड सरळ होत नाहीत आणि मूठही मिटत नाही. अण्णा तरी रोज मागावर बसतात. धोटा उजव्या हाताने टाकता येतो, पण पदरावरच्या मोरासाठी ताण्याचे धागे डाव्या बोटांनी उचलून मधून जरीची तिल्ली (धागा गुंडाळलेली छोटी कांडी) काढायची असते, ती निसटते. परवा तासाभरात अकरा वेळा पडली. मी मोजत होते. ते काही बोलले नाहीत, दर वेळी वाकून उचलत राहिले.

मी नाशकात इंदिरानगरला राहते, त्यांना महिनाभर इकडे आणू शकते. पण न्यायचं कोणाकडे? बोर्डावर सगळेच 'हाडे, सांधे, मणका, पॅरालिसिस' लिहितात. हाताचा खरा जाणकार ओळखायचा कसा? ओटी, पीटी हा काय प्रकार आहे? आणि उशीर झालाय का, हे कोणी खरं सांगेल का?

गोदाकाठचा

ताई, वाचून वाईट वाटलं. माझ्या गुडघ्याचा फिजिओ उत्तम आहे, पण तो स्वतःच म्हणतो की बोटांचे पेशंट माझ्याकडे पाठवू नका. मविप्र संस्थेच्या फिजिओथेरपी कॉलेजात विचारून पाहिलंत का? शिकवणाऱ्या मंडळींना कोण काय करतं ते माहीत असतं.

चांदवडकर_आबा

आमच्याकडे एक जण तेल लावून बोटं ओढून सरळ करतो. माझ्या मेहुण्याचं झालं. एकदा दाखवायला काय हरकत?

तर्कटी

आबा, मेहुण्याचा टेंडन कापला होता का? हाड सरकणं वेगळं, शिवलेली दोरी वेगळी. कृपा करून ओढायला कोणाकडे नेऊ नका.

ओटी_परळवाली

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात हाताच्या ओपीडीत बरीच वर्षं काढली, आता ठाण्यात असते. हात बघितल्याशिवाय इलाज सांगणार नाही, पण ओळखायचं कसं ते सांगते. त्याआधी तीन गोष्टी करून बघा.

एक, उजव्या हाताने अण्णांचं डावं बोट हलकेच वाकवा. दुसऱ्याने वाकवल्यावर किती वाकतं आणि त्यांचं त्यांनी किती वाकतं? दोन, कोपर टेबलावर टेकवून हात सैल सोडायला सांगा आणि मनगट हळूच मागे न्या. बोटं आपोआप आत येतात का? तीन, मूठ मिटायला सांगून बोटाच्या टोकापासून तळव्याच्या वरच्या आडव्या रेषेपर्यंतचं अंतर साध्या फूटपट्टीने मोजा. जोर कुठेही लावू नका.

पैठणीची_लेक

आत्ताच केलं. अनामिका मी वाकवली तर जवळजवळ पूर्ण वाकते, त्यांची त्यांना अर्धीच. मधलं बोट माझ्यानेही पूर्ण वाकत नाही. मनगट मागे नेल्यावर दोन्ही बोटं आत आली. (अण्णा हसले, म्हणाले कळसूत्री बाहुली केलीस माझी.) अंतर अनामिकेचं ४ सेंमी, मधल्याचं ४.५.

ओटी_परळवाली

बोटं आत आली ही चांगली खूण आहे. टेंडन तुटलेला असता तर ते बोट सरळच राहण्याची शक्यता जास्त असते. तरी यावर शिक्का सर्जनचाच घ्या. अनामिका तुम्ही वाकवली की वाकते पण त्यांना स्वतःला वाकवता येत नाही, म्हणजे सांधा मोकळा असून टेंडन आसपासच्या पेशींना चिकटला असावा. मधल्या बोटाचा सांधाही आखडलेला दिसतो. बाहेरून दोन्ही सारखी वाकडी दिसतात, पण दुखणी दोन आहेत आणि व्यायामही दोन वेगळे लागतील. हा फरक पहिल्या भेटीत जो तपासत नाही, तो बाकी कितीही शिकलेला असो, तुमच्या कामाचा नाही.

झोन २ म्हणजे तळव्याच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा भाग. तिथे दोन टेंडन एकाच अरुंद नळीतून जातात. स्टर्लिंग बनेल या अमेरिकन सर्जनने त्याला 'नो मॅन्स लँड' म्हटलं होतं, कारण तिथे शिवलं की हमखास चिकटायचं. हलवलं नाही तर चिकटतो, जोराने हलवला तर तुटतो, आणि आमचं सगळं काम त्या दोन्हींच्या मधल्या फटीत चालतं. म्हणून आता शक्य तिथे ऑपरेशननंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासूनच, स्प्लिंटच्या (आधाराच्या कडक पट्टीच्या) आत, मोजून मापून हालचाल सुरू करतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात चेंडू दाबणं म्हणजे ओल्या सिमेंटवर पलंग ठेवणं. जोराच्या कामाला साधारण बारा आठवडे थांबायचं.

आता ओटी-पीटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट. दोघांच्या पदव्या वेगळ्या, बीओटीएच आणि बीपीटीएच. आमच्या वेळी इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांच्या होत्या. महाराष्ट्रात दोघांचीही नोंदणी एकाच राज्य परिषदेत होते (२००२ चा कायदा), म्हणून नोंदणी क्रमांक बेलाशक विचारा. हात हा दोघांचाही प्रांत आहे. ओटीचा कल कामाकडे जास्त, म्हणजे बटण, पोळी, तुमच्या अण्णांची तिल्ली. आणि स्प्लिंट बनवणं आमच्या शिक्षणातच असतं. पण ओटी कमी आहेत, मुंबई-नागपूर सोडलं तर शोधावे लागतात. आपल्याकडे हा अभ्यासक्रम १९५० मध्ये केईएममध्ये कमलाबाई निंबकरांनी सुरू केला. जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर. फलटणच्या ज्या शाळेला त्यांचं नाव आहे ती पुष्कळांना माहीत असते, त्यांचं हे काम मात्र नाही.

पदवीने हात येत नाही, हे मी माझ्यावरूनच सांगते. इंटर्नशिपनंतर मला वाटलं होतं सगळं येतं. पहिला स्प्लिंट केला तो पेशंटच्या अंगठ्याच्या मुळाशी घासला, फोड आला. सिनियर बाईंनी त्यानंतर महिनाभर मला स्वतःच्याच हातावर स्प्लिंट करून रात्री घालून झोपायला लावलं. अमेरिकेत १९९१ पासून 'सर्टिफाइड हँड थेरपिस्ट' अशी वेगळी परीक्षा आहे. तिला बसायला ओटी किंवा पीटी म्हणून किमान तीन वर्षं आणि प्रत्यक्ष हाताच्या पेशंटवर ४,००० तास लागतात. आपल्याकडे अशी सक्ती नाही, 'हँड थेरपी' बोर्डावर कोणीही लिहू शकतो. म्हणून ते तास तुम्ही विचारून काढायचे. शिवलेल्या टेंडनचे पेशंट महिन्याला किती बघता? स्प्लिंट स्वतः बनवता की तयार देता? सर्जनची ऑपरेशन नोट मागणार का? नोट न मागता व्यायाम सुरू करणाऱ्याकडून उठून या.

सातपूरचा_फिटर

परळवाली मॅडम बरोबर बोलल्या. पॉवर प्रेसमध्ये माझ्या तर्जनीचं टोक गेलं. ईएसआयमुळे (कामगार विमा) सुट्टीत पगाराच्या ९० टक्के मिळाले, तेवढं बरं. नस जुळवली होती, पण बोट वापरायचंच विसरलो होतो. ज्या थेरपिस्टकडे गेलो त्यांनी परातीत तांदूळ ओतून त्यात नट, वॉशर, एक रुपया पुरला आणि डोळे मिटून काढायला लावले. मला वाटलं पोरखेळ. तिसऱ्या आठवड्यात एम ६ आणि एम ८ चा नट न बघता ओळखला तेव्हा पटलं. नट त्यांनी मुद्दाम माझ्या कामातले घेतले होते हे नंतर कळलं.

अण्णांना ईएसआय नसणार. विणकरांचं हे कोणी बघत नाही, पण तो वेगळा धागा होईल.

फिजिओ_गंगापूररोड

वरचं वाचून थोडा राग आला होता, आता बोलतो. फिजिओ म्हणजे चेंडू आणि शेक नव्हे. पण कबूल करतो, नाशकात आमच्याकडे दहातले आठ पेशंट कंबर, मान, गुडघा. हाताचे येतात ते बहुतेक मनगटाच्या फ्रॅक्चरचे. झोन २ मी वर्षाला दोन-तीन बघतो आणि तेही धास्तावून. एवढ्यावर स्वतःला हँड थेरपिस्ट म्हणवत नाही.

नाशकात हाताचं काम शिकून आलेले आहेत, मोजके आहेत. सर्वांत सोपा रस्ता सांगतो. अंबड-सातपूरच्या कामगारांची बोटं जे सर्जन रोज शिवतात, त्यांच्या ओपीडीतल्या ड्रेसिंगवाल्या सिस्टरला विचारा की पेशंट कोणाकडे पाठवता. डॉक्टर विसरतील, सिस्टर विसरत नाही. नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय, इथे जाहिरात नको. फी आधी विचारून घ्या. स्प्लिंटचं सामान महाग असतं आणि ते वेगळं लावतात.

तर्कटी

उशीर झालाय का, हे राहिलंच.

ओटी_परळवाली

हो, राहिलं. जे सुरुवातीला करायला हवं होतं ते गेलं, ते परत येत नाही. पण नवव्या आठवड्यात पुष्कळ मिळवता येतं. तीन-चार महिने नीट व्यायाम करूनही टेंडन चिकटलेलाच राहिला, तर तो सोडवण्याचं ऑपरेशन (टेनोलिसिस) असतं. त्यालाही आधी सांधे मोकळे असावे लागतात, म्हणजे व्यायाम कुठल्याही बाजूने वाया जात नाही. नर्व्हचं म्हणाल तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. बोटाच्या टोकाला मुंग्या येत असतील तर घाबरू नका.

पैठणीची_लेक

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा.

व्यनितल्या नावाकडे गेलो. पहिली पन्नास मिनिटं कुठलंही मशीन लावलं नाही. सर्जनला फोन केला, नोट व्हॉट्सॲपवर मागवली. छोट्या कोनमापकाने एकेक सांधा मोजून लिहिला, मग वेगवेगळ्या जाडीचे नायलॉनचे तंतू बोटांना टेकवून "काका, कळलं?" विचारत गेल्या. अण्णा म्हणाले, नायलॉननेच कापलं आणि नायलॉननेच तपासताय. त्या हसल्या, मग विचारलं, "तुमचं काम काय?" पुढच्या वेळी तिल्ली घेऊन यायला सांगितलं.

पांढरी शीट गरम पाण्यात मऊ करून, टॉवेलने टिपून सरळ अण्णांच्या बोटांवर बसवली. दोन मिनिटांत कडक. हा रात्रीचा स्प्लिंट, वाकडी बोटं हळूहळू सरळ करायला. दिवसा दर दोन तासांनी व्यायाम: आधी नुसती टोकं वाकवून आकडा, मग सपाट मूठ, मग पूर्ण मूठ. प्रत्येकी दहा वेळा, दुखेपर्यंत नाही. अनामिका आता २.५ सेंमी, मधलं ३.५. तिल्ली अजून पडते, पण कमी. पदर सध्या धाकटा काका विणतोय, अण्णा शेजारी बसून चुका काढतात.

एक नवीन घोळ झालाय. वेगळा धागा नको म्हणून इथेच विचारते. अण्णा दोन दिवस येवल्याला गेले होते. तिथे स्प्लिंट साबणाने स्वच्छ धुतला आणि वाळायला पत्र्यावर ठेवला, भर दुपारी. तो पापडासारखा वाकलाय. घरी गरम पाण्यात टाकून सरळ करू का?

ओटी_परळवाली

अजिबात नको! तुम्ही तो 'सरळ' कराल आणि बोटाला हवा तो कोन भलताच होईल. उद्या तसाच घेऊन जा, शीट परत मऊ होते, नव्या मापाने बसवून देतील. तोवर रात्री तो घालू नका. आणि कारच्या डॅशबोर्डवरही ठेवू नका, माझ्या निम्म्या पेशंटांचे तिथेच वाकतात.

पैठणीची_लेक

उद्या सकाळची साडेदहाची वेळ घेतली. पत्र्यावर का ठेवलात विचारलं, तर अण्णा म्हणतात, "जरीला उन्हात काही होत नाही, याला काय होतंय?"