दर सरावानंतर बंदुकीची नळी साफ करावी का?

टिपणीस२२: .२२ बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, आठवड्याला साधारण १०० गोळ्या होतात. दर वेळी ब्राँझचा ब्रश वीसेक वेळा फिरवून नळी चकचकीत करतो. पण पुढच्या सरावात पहिल्या आठ-दहा गोळ्या इकडेतिकडे जातात, मग ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, जमतो. साफसफाई जास्त होतेय की कमी? १२ बोअरची दुनळीही आहे. तिलाही हाच नियम लावायचा का?

सळई_आणि_चिंधी: जास्त होतेय. .२२ ची गोळी शिशाची असते आणि तिच्यावर मेण किंवा ग्रीससारखं वंगण असतं. त्या वंगणाचा पातळ थर नळीत बसला की गोळ्या एकसारख्या जाऊ लागतात. तुम्ही तो थर दर वेळी खरवडून काढता, म्हणून पहिल्या गोळ्या तो पुन्हा बसवण्यातच जातात. शिशामुळे नळी फारशी झिजत नाही, वेडीवाकडी चालवलेली सळई मात्र तिची वाट लावते. विशेषतः तोंडाकडची कड, म्हणजे क्राऊन, एका बाजूने घासली गेली की अचूकता गेलीच.

बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं त्या टेबलावर ठेवूच नका. मग बोअर गाइड (सळई मधोमध सरळ ठेवणारी नळकांडी) लावून मागच्या बाजूने एकसंध सळई घाला. सॉल्व्हंटच्या दोन चिंध्या, पाच मिनिटं थांबा, मग तीन-चार कोरड्या. चिंधी तोंडातून बाहेर पडली की काढून घ्या, तीच परत आत ओढू नका. ब्रश काहीशे गोळ्यांनंतर, किंवा ग्रुप विनाकारण पसरू लागला तरच.

दर वेळी साफ करायच्या जागा वेगळ्याच आहेत: बोल्टचा चेहरा, एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं कवच ओढून काढणाऱ्या) नखाखालची काजळी आणि चेंबर. चेंबरच्या पुढच्या टोकाला काजळी आणि शिशाचं कडं जमतं. ते वाढलं की काडतूस आत बसताना अडतं आणि रिकामं कवच निघताना अडकतं. तिथे मात्र ब्रश हवा.

गंजविरोधी: .२२ पुरतं मान्य, पण हे वाचून कुणी सगळ्याच बंदुका तशाच ठेवू नयेत. जुन्या लष्करी दारूगोळ्यात पोटॅशियम क्लोरेटचा प्रायमर (ठोक्याने पेटून दारू पेटवणारा भाग) असू शकतो. तो जळला की पोटॅशियम क्लोराइड उरतं. ते मिठासारखंच, हवेतला ओलावा ओढून घेतं. तेलात ते विरघळत नाही, त्यामुळे वरून तेल फासलं तरी खाली गंज चालूच राहतो. त्याच दिवशी आधी गरम पाण्याने नळी धुवायची, पूर्ण कोरडी करायची आणि मगच तेल लावायचं. काळ्या दारूलाही तसंच, साबणाचं पाणी चालतं.

तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्या असतील तर तांबं काढणारं सॉल्व्हंट वापरा. चिंधी निळी-हिरवी होते ती त्या तांब्यामुळे. पण पितळी जॅग (सळईचं चिंधी धरणारं टोक) किंवा ब्राँझचा ब्रश वापरलात तर तोही निळा रंग सोडतो, आणि स्वच्छ नळी माणूस तासभर घासत बसतो. नायलॉनचा ब्रश आणि प्लास्टिकचा जॅग घ्या. अमोनियावालं सॉल्व्हंट बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त वेळ आत ठेवू नका.

टिपणीस२२: आणि दुनळी?

सळई_आणि_चिंधी: तिथे बिनधास्त ब्रश फिरवा, आत रायफलिंग (गोळी फिरवणाऱ्या पिळाच्या खाचा) नाही. चेंबरच्या पुढे जिथे नळी अरुंद होते तिथे आणि चोकमध्ये (नळीच्या तोंडाकडचा अरुंद भाग) वॅडच्या, म्हणजे छऱ्यांमागच्या बुचाच्या, प्लास्टिकचे पट्टे चिकटतात. प्रकाशाकडे धरून पाहिलं तर करड्या रेघा दिसतात. सॉल्व्हंट लावून दहा मिनिटांनी दहा-बारा फेऱ्या मारा. बिजागरीच्या पिनेवरचं जुनं ग्रीस आधी पूर्ण पुसा. त्यात कण अडकले की ते धातू घासू लागतं. मग नव्याचा पुसट हात. चोक स्क्रूचे असतील तर आटे पुसून ग्रीस लावा, नाहीतर ते जाम होतात.

गंजविरोधी: तेल कमीच हवं, बंदूक कुठलीही असो. फायरिंग पिनच्या खोबणीत गेलेलं तेल थंडीत घट्ट होतं आणि ठोका हलका पडतो. चेंबरमध्ये तेल राहिलं तर कवच भिंतीला धरत नाही, सगळा जोर बोल्टवर येतो. म्हणून नेम धरायच्या आधी नळीतून आणि चेंबरमधून एक कोरडी चिंधी फिरवा. चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत महिनोन्‌महिने ठेवू नका, ओलावा तिथेच कोंडतो. काजळीत शिसं असतं, तेव्हा हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका.