मदत हवी आहे : दुःख आणि मोह एकाच घरी असताना कोणता शास्त्रभाग वाचावा?

सर्वांना सलाम. जालना जिल्ह्यातील आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत पुढच्या घरगुती प्रार्थनासभेत मला वचन सांगायचे आहे. सभा ज्या बहिणीकडे आहे, तिचे पती उन्हाळ्यात वारले, परतीच्या पावसात सोयाबीन असे भिजले की शेंगांनाच कोंब फुटले, आणि व्यसन सोडलेला थोरला मुलगा आता पुन्हा दारूकडे ओढला जात आहे.

अशा वेळी बायबलमधील १ करिंथ १०:१३ चा (प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा) आधार घेऊन ‘देव सोसवेल तेवढेच देतो’ असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही, कारण तो भाग मोहाविषयी आहे आणि मोहातून निघण्याचा मार्ग देव ठेवतो असे तेथे म्हटले आहे. दुःखाविषयी मात्र स्वतः पौलच २ करिंथ १:८ मध्ये लिहितो की आशियात (तेव्हाच्या रोमन प्रांतात) आलेले संकट आपल्या शक्तीपलीकडचे होते, इतके की जगण्याची आशाही उरली नव्हती.

मुलासाठी करिंथचे वचन आणि आईसाठी मेलेला मित्र लाजर याच्या कबरेजवळ रडणारा येशू (योहान ११), असे दोन भाग एकाच सभेत घ्यावेत का? मुलाला चारचौघांत बोल लागू नये, हीही काळजी आहे. बायबलमधील दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर बरे होते, बिघडले ते बोलू लागल्यावर! अनुभवी पाळकांनी व वडीलधाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.