‘डिनायल ऑफ सर्व्हिस’: नकार, कोंडी की अडवणूक?

पाटीपेन्सिल: फाइल सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी २०१७ सालच्या ‘एसएमबीलोरिस’ या हल्ल्यावरची सूचना मराठीत करायची आहे. हा ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ प्रकार, म्हणजे सर्व्हर अडकवून त्याची सेवा इतरांना मिळेनाशी करणं. त्याला ‘सेवा-नकार’ लिहिलं, ते खोडून ‘सेवाबंदी’ झालं. बंदी कुणीतरी घालावी लागते. योग्य शब्द कोणता?

उंबरठा: नकारही चूकच. न + कार, म्हणजे ‘न’ उच्चारणं; होकार तसाच. इथे सर्व्हर ‘नाही’ म्हणत नाही, तोच तर घात. हल्लेखोर पोर्ट ४४५ वर, म्हणजे फाइल शेअरिंगच्या दारावर, जोडणी करून चार बाइटचं शीर्षक (हेडर) पाठवतो: मागून १,३१,०७१ बाइट येताहेत. विंडोज तेवढ्यासाठी १२८ केबी मेमरी अडवून बसतं. पुढे काहीच येत नाही. पानं वाढून ठेवली आणि जेवणारे फिरकलेच नाहीत, तशी गत. एका आयपी पत्त्यावरून ६५,५३५ जोडण्या धरल्या तर ८ जीबी जातात, आणि ही मेमरी डिस्कवर हलवता येत नाही. यंत्र गोठतं. ‘सेवाकोंडी’ म्हणा.

तिसरी घंटा: कोंडीला गर्दी लागते. इथे तारेवरून जातात मोजके बाइट. ‘अडवणूक’ घ्या, त्यात अडवणाऱ्याचा हेतू येतो.

उंबरठा: हेतू नसतानाही सेवा बंद पडते. सदोष क्लायंट पुन्हापुन्हा जोडत राहिला तरी तेच होतं. तिथे अडवणूक कुणाची?

संस्कृतप्रेमी: ‘सेवारोध’ नेमका आहे. आणि सर्व्हरला ‘सेवादाता’, डेटाला ‘विदा’ का नको?

तिसरी घंटा: सूचना वाचणारा त्या वेळी सर्व्हर वाचवत असतो. त्याला ‘सेवादाता’चा अर्थ लावत बसवू नये.

संस्कृतप्रेमी: ‘संगणक’ही एकदा नवाच होता. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही.

खुंटी: साम्बाचं, म्हणजे लिनक्सवर विंडोजसारखं फाइल शेअरिंग देणाऱ्या सॉफ्टवेअरचं, विसरू नका. तिथे प्रत्येक जोडणीला वेगळी एसएमबीडी (साम्बाचा सर्व्हर प्रोग्राम) प्रोसेस उभी राहते आणि त्यांच्या संख्येची मूळ सेटिंग ०, म्हणजे मर्यादाच नाही. कॉन्फिग फाइलच्या ग्लोबल भागात ‘मॅक्स एसएमबीडी प्रोसेसेस = १०००’ लिहा, मग ‘टेस्टपार्म’ या साम्बाच्या आज्ञेने फाइल तपासा. आकडा डोळे झाकून उचलू नका: ऐन गर्दीच्या वेळी ४४५ वर किती जोडण्या असतात ते मोजा, थोडी मोकळीक ठेवा, आणि तेवढ्या प्रोसेस रॅममध्ये मावतात का ते पाहा. मर्यादा भरली की पुढचा खरा माणूसही परत जातो. यंत्र वाचतं, सेवा वाचेलच असं नाही. म्हणून फायरवॉलवर दर पत्त्यामागे जोडण्यांची मर्यादा हवी, आणि ४४५ इंटरनेटला उघडं नकोच.

पाटीपेन्सिल: म्हणजे मर्यादा भरल्यावर सर्व्हर खरोखरच नकार देतो!

उंबरठा: तो उपायाचा परिणाम. हल्ल्याचं नाव त्यावरून कसं ठेवणार?

संस्कृतप्रेमी: ‘रोध’ दोन्हीकडे चालतो.

तिसरी घंटा: चालतो, पण बोलताना कोण म्हणतं? बरं, ‘व्हल्नरेबिलिटी’ला, म्हणजे हल्ल्याला वाव देणाऱ्या उणिवेला, काय लिहिलंत? ‘भेद्यता’ असेल तर आधी ते बदला. ‘कच्चा दुवा’ कुणालाही कळेल.

खुंटी: दुवा म्हणजे लिंक समजतील. ‘फट’ लिहा.