मदत हवी आहे: आण्णांना ओल्ड ट्रॅफर्डचं म्युझियम दाखवायचंय

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये बहिणीकडे लीड्सला चाललोय, सोबत वडील आहेत. आण्णा ७१ वर्षांचे, कोल्हापूरचे, तरुणपणी पेठेच्या टीममधून शाहू स्टेडियमवर खेळलेले. इंग्लंडचा फुटबॉल क्लब मँचेस्टर युनायटेड म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि ओल्ड ट्रॅफर्ड हे त्याचंच स्टेडियम.

त्यांना चषकांचं तेवढं अप्रूप नाही. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकमध्ये उड्डाण घेताना युनायटेडच्या संघाचं विमान कोसळलं आणि २३ जण गेले, त्यात ८ खेळाडू होते. त्यांतला डंकन एडवर्ड्स पंधरा दिवस मृत्यूशी झुंजला, वय अवघं २१. त्याच अपघातातून वाचलेल्या बॉबी चार्ल्टननं १९६८ ला युरोपियन कप उचलला. हे सांगताना आण्णांचा आवाज आजही कातर होतो. स्टेडियमबाहेर या अपघाताच्या आठवणीत लावलेल्या म्युनिकच्या घड्याळाखाली त्यांना दोन मिनिटं उभं राहायचंय, बस्स.

अडचण गुडघ्याची. उजव्या गुडघ्याला कायम पट्टा असतो, आणि जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत उतरतात. ज्यांनी पाहिलंय त्यांनी कृपया सांगा: स्टेडियमच्या टूरमध्ये पायऱ्या किती? लिफ्ट किंवा व्हीलचेअर मिळते का? की टूर सोडून नुसतं म्युझियमच निवांत पाहावं? ट्राम वॉर्फसाइड स्टॉपला सोडावी की ओल्ड ट्रॅफर्ड स्टॉपला, चालायला कमी कुठून पडतं?

मॅचच्या दिवशी टूर नसते म्हणून मधला वार धरलाय. तिकीट या आठवड्यात काढायचंय, त्यामुळे जरा लवकर कळवाल तर फार उपकार होतील.