बेसबॉलचा मॅनेजर होतो तरी कसा? (स्निटकरवरून पडलेला प्रश्न)

अटलांटाकर:
मंडळी, अटलांटात येऊन सहा वर्षं झाली, क्रिकेटची तहान ब्रेव्हज या इथल्या बेसबॉल टीमवर भागवतोय. पोरगं लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये) कॅचर (आपला विकेटकीपर समजा) आहे त्यामुळे घरात दुसरा विषयच नाही. ब्रायन स्निटकर 2025 चा सीझन संपल्यावर ब्रेव्हजच्या मॅनेजरपदावरून बाजूला झाला तेव्हा कळलं की हा बाबा मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, एकही मॅच खेळलेला नाही. एकही! मग हा इतका वर पोचला कसा? आणि मॅनेजर आणि कोच यात फरक काय, शिवाय साठी उलटलेला माणूस खेळाडूंचा युनिफॉर्म घालून का बसतो? हसू नका प्लीज.

डगआउटदादा:
हसत नाही राव, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलेलं हे आजोबा आता बॅटिंगला येणार. पूर्वी बरेच मॅनेजर स्वतः खेळायचे पण, त्यामुळे युनिफॉर्म आलाच, आणि ती पद्धत तशीच राहिली. पीट रोझ 1986 पर्यंत खेळाडू-कम-मॅनेजर होता.

आपल्या क्रिकेटमधला हॉटेल-तिकिटं बघणारा मॅनेजर डोक्यातून काढा. इथला मॅनेजर म्हणजे आपला कोच आणि अर्धा कॅप्टन. टीम कुठल्या क्रमाने खेळणार, पिचर (बॉल टाकणारा) कधी काढायचा, कोणाच्या जागी कोणाला पाठवायचं, सगळं तोच ठरवतो, तेही सीझनच्या 162 मॅचेस. त्याच्या हाताखाली कोच: पिचिंगचा, हिटिंगचा, शेजारी बसणारा बेंच कोच, बुलपेनचा (राखीव पिचर तयार होतात ती जागा), पहिल्या आणि तिसऱ्या बेसपाशी उभे राहणारे. तिसऱ्या बेसवाला हात गरागरा फिरवून पळ म्हणतो ना, ते काम स्निटकरने 2007 ते 2013 केलंय. (खेळाडू घेणं-विकणं जनरल मॅनेजरकडे, तो वेगळा प्राणी.)

आता त्याची कुंडली ऐका. 1977 ला ब्रेव्हजने ड्राफ्टशिवाय (नव्या खेळाडूंच्या निवडीत कोणी न घेतलेला) घेतलेला कॅचर. 1980 पर्यंत मायनर लीगमध्येच (मेजरच्या खालच्या लीग), मग खेळाडू म्हणून नारळ. पण तेव्हा खालच्या टीम्सचा कारभार हँक ॲरन बघायचा, हो तोच होमरनवाला, त्यानेच याला कोचिंगला लावलं. 1982 ला पहिली टीम हातात, अँडरसनची. पुढे डरहॅम, मेकन, रिचमंड, छोटी छोटी गावं आणि बसचा प्रवास. 1985 ला अटलांटात बुलपेन कोच, परत खाली, 1988 ते 90 परत वर, परत खाली. 2014 ला तिसऱ्या बेसवरून काढून पुन्हा खाली, ग्विनेटला ट्रिपल-ए मध्ये (मेजरच्या एक पायरी खाली) पाठवला, वय 58. आपल्या ऑफिसात असं झालं तर माणूस दुसऱ्या दिवशी राजीनामा देईल. हा गेला मुकाट्याने. आणि मे 2016 मध्ये वरच्या मॅनेजरला काढलं तेव्हा याला हंगामी म्हणून बसवला. हंगामी! मग 2018 ते 2023 सलग सहा वर्षं डिव्हिजन (आपला गट) जिंकली, 2021 ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल. तीही ॲस्ट्रोज टीमविरुद्ध, जिथे त्याचाच मुलगा हिटिंग कोच होता. त्या घरातल्या बाईंचं काय झालं असेल 😄

नागपूरची_मावशी:
पोरगं कॅचर आहे म्हणताय तर मग ऐकाच. बोची, टोरी, शोशा, जिरार्डी, हे नावाजलेले मॅनेजर सगळे कॅचर होते. बाकी आठ जण होम प्लेटकडे (बॅटिंग होते ती जागा) तोंड करून उभे, हा एकटाच सगळ्या मैदानाकडे तोंड करून बसतो, पिचरला कुठला बॉल टाक ते खुणेने सांगतो आणि पिचर चिडला की समजूत काढायला चालत जातो. म्हणजे पगार खेळाडूचा आणि काम निम्मं मॅनेजरचं. आमच्या विदर्भाला लागोपाठ दोन रणजी जिंकून देणारे चंदू पंडितही विकेटकीपरच! 1999 ला मध्य प्रदेशचे कॅप्टन असताना चिन्नास्वामीवर फायनल हरले आणि 2022 ला त्याच मैदानावर त्याच टीमचे कोच म्हणून जिंकले, समोर कोण तर मुंबई. आणि स्वतः वर न खेळता शिकवण्याचं म्हणाल तर आचरेकर सर फर्स्ट क्लास एकच मॅच खेळले होते.

जर्सीकर:
मावशी बरोबर, पण दादा, गोष्ट छान असली तरी पोराला हा रस्ता म्हणून दाखवू नका. एक स्निटकर वर आला, बाकीचे बसमध्येच म्हातारे झाले त्यांच्यावर कोण लिहिणार. आणि आता तर शिडीच बदललीय. यांकीज टीमने 2017 च्या शेवटी बूनला मॅनेजर म्हणून घेतला तो थेट टीव्हीवरून, कोचिंगचा अनुभव शून्य. काउन्सेल ब्रुअर्स टीमच्या ऑफिसातून डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या बाकावर) मॅनेजर म्हणून आला आणि 2023 ला कब्ज टीमने त्याला पाच वर्षांचे 4 कोटी डॉलर दिले. जायंट्स टीमने 2025 ला टेनेसीच्या कॉलेजातून व्हिटेलो या कोचला मॅनेजर म्हणून उचलला, प्रोफेशनल टीमला कधी शिकवलेलंच नाही त्याने. आता कॉम्प्युटरवरचे आकडे वाचून ते बाविशीतल्या पोरांना पटवणारा माणूस लागतो, वीस वर्षं मेकनमध्ये काढलेला नाही.

डगआउटदादा:
जर्सीकर, आकडे समजावणारे दहा जण ऑफिसात बसलेत हो. सलग सात मॅच हरल्यावर त्या पोरांना सांभाळायचं कोणी? आणि स्निटकरच्या जागी आलेला वॉल्ट वाइस बघा, मेजर लीग खेळलेला, पण 2012 ला हायस्कूलच्या पोरांना शिकवत होता, तिथून रॉकीज टीमचा मॅनेजर झाला, मग ब्रेव्हजमध्ये स्निटकरच्या शेजारी बेंच कोच. शिडी एकच आहे असं कोण म्हणतंय.

अटलांटाकर:
सगळ्यांना धन्यवाद. मावशींचं कॅचरवालं पोराला वाचून दाखवलं, तो म्हणाला मला मॅनेजर नाही व्हायचं, मला पिचर व्हायचंय, गुडघे दुखतात.