बाबा विचारतात, "मी बरा होणार ना?"

नौपाड्याची लेक:
बाबा 74 वर्षांचे. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलाय. दिवाळीनंतर डॉक्टरांनी केमो थांबवली. मला आणि दादाला बाहेर बोलावून म्हणाले, घरी न्या, आता त्रास कमी कसा होईल ते बघू. बाबांना मात्र आम्ही सांगितलंय की अशक्तपणा आहे, ताकद आली की केमो परत सुरू. हे आत्याने ठरवलं. म्हणाली, कळलं तर हाय खाईल तो.

बाबा 31 वर्षं वागळे इस्टेटला फिटर होते. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखायचे. परवा रात्री दोनला मी पाय चेपत होते तर म्हणाले, "पोरी, खरं सांग, मी बरा होणार ना?" मी म्हटलं, "हो बाबा, झोपा आता." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून काही विचारतच नाहीत.

जेवण म्हणजे दोन चमचे पेज. आई वाटी घेऊन मागे लागते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडते. मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्यात, पण सवय लागेल म्हणून दादा अगदी असह्य झालं तरच देतो. त्यांनी पुन्हा विचारलं तर मी काय सांगू?

नेरूळची सिस्टर (निवृत्त):
अगं, आधी गोळ्यांचं बोलते, कारण दुखत असताना माणसाला मनातलं बोलता येत नाही. मॉर्फिन घड्याळ बघून द्यायचं. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. दुखणं परत डोकं वर काढायच्या आत पुढची गोळी पोटात हवी. डॉक्टरांनी ज्या वेळा लिहून दिल्यात त्या पाळा. पोट घट्ट होतं, म्हणून शौचाला साफ होण्याचं औषध रोज लागतं. ते दिलं नसेल तर मागून घ्या. सुरुवातीचे काही दिवस गुंगी, मळमळ असते, मग बहुधा कमी होते. दादाला सांग, कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेल्या गोळीने माणूस सहसा व्यसनी होत नाही. तुझे बाबा मात्र रोज विनाकारण सोसतायत.

आता तुझा प्रश्न. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ना, त्यांना उत्तर मिळालं होतं म्हणून केलं. परत विचारलं तर हो किंवा नाही म्हणायची घाई करू नकोस. "बाबा, तुम्हाला काय वाटतं?" एवढंच विचार, हात हातात धर आणि गप्प बस. ते गप्प बसणं फार जड जातं, मलाही जायचं. ते बोलतील तेवढ्याचंच उत्तर दे, त्यापुढचं लादू नकोस.

कोपरखैरण्याला एका घरी मी जायचे. मुलगा रोज म्हणायचा, "अण्णा, तुम्ही ठणठणीत होणार." तो औषधं आणायला खाली गेला की अण्णा मला सांगायचे, "मला ठाऊक आहे सिस्टर, पण त्याला बोलू नका, कोलमडेल." शेवटी दोघांच्या परवानगीने मीच विषय काढला. अण्णांचं सासवडच्या भावाशी 18 वर्षं बोलणं नव्हतं. दोन दिवसांत भाऊ एसटीने आला. फार बोलले नाहीत. भाऊ अण्णांची नखं कापत बसला होता.

1967 साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (बरं न होणाऱ्या माणसांचा शेवटच्या दिवसांतला त्रास कमी करणारी जागा) सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स याला 'टोटल पेन' म्हणायच्या. शरीर दुखतं, त्यात मनातली भीती, नात्यांतलं राहून गेलेलं, देवाला विचारायचं राहिलेलं, सगळं एकात एक मिसळलेलं असतं. गोळी त्यातल्या एकावरच चालते.

आणि आईला सांग, तुमचं काही चुकत नाहीये. शरीर आता अन्न मागत नाही, बळेबळे भरवलं तर ठसका लागतो. त्यांच्या हाताला दुसरं काम दे. ओल्या कापसाने ओठ, जीभ पुसायची, वर साजूक तुपाचं बोट फिरवायचं.

कळवेकर:
सिस्टरना दुजोरा. माझे वडील शेवटचे 11 दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि बाहेर आम्ही भावंडं भांडत होतो, कारण त्यांना कधी विचारलंच नव्हतं. सुप्रीम कोर्टाने 2018 साली लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या अवस्थेत कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. 2023 पासून ते सोपंही झालंय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. पण ते ज्याचं त्यानेच, शुद्धीत असताना करायचं असतं. आजार लपवला तर तो हक्कही जातो.

घरी झेपेनासं झालं तर वांद्र्याचं शांती आवेदना सदन आहे, 1986 पासून. देशातलं पहिलं हॉस्पिस. तिथे विचारा.

नौपाड्याची लेक:
चार दिवसांनी लिहितेय. गोळ्या वेळेवर सुरू केल्या. दादानेच मोबाइलवर गजर लावलेत. काल पहाटे बाबा सलग झोपून उठले आणि पंख्याकडे बघत म्हणाले, "याचं बेअरिंग गेलंय." मग थोड्या वेळाने, "माझंही गेलंय ना?" मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं. म्हणाले, "वाटतं काय, आवाज येतोय." मी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, किती महिन्यांनी.

मग आईला हाक मारून पेन्शनच्या पासबुकाबद्दल सांगत बसले. आत्या दुपारी आली, आधी चिडली, नंतर त्यांच्या पायाशी बसून राहिली.

त्यांना तलावपाळीला एक फेरी मारायची आहे. रविवारी सकाळी सहाला, गर्दी व्हायच्या आत नेऊ म्हणतोय. नौपाड्यात व्हीलचेअर एका दिवसासाठी भाड्याने कुठे मिळेल?